ताईच्या वाट्याचं निरसं दूध

प्रिय सुमाताई,

तू गेल्याला वर्ष होत आलं. आज लिहितेय, कारण आज मी आईला ते सांगून टाकणार होते. अगदी ओठांवर आलं होतं!

शेजारच्या काकी आल्या होत्या. आई त्यांना म्हणाली, "गुणाचा चेडू गेला, ह्या रवला." 'ह्या' म्हणजे मी, मागे उरलेली मुलगी! तिथेच तांदूळ निवडत बसले होते. गेल्यावरसुद्धा तूच पुढे ना गं?

पहिल्यापासून तसंच. तू डी.एड.ला गेलीस आणि गायीची पहिली धार तुझ्या पेल्यात पडायला लागली. न तापवता, फेसासकट. मी पेला पुढे केला की आई म्हणायची, "तिका अभ्यास आसा. तू चाय पी." तू डोळे मिटून प्यायचीस. असा जळफळाट व्हायचा माझा!

त्या वर्षी गायीनं सातव्या महिन्यात गाभ टाकला. तरी ती दूध देत राहिली आणि तू पीत राहिलीस.

मग तो ताप. संध्याकाळी चढायचा, पहाटे गोधडी घामानं भिजवून उतरायचा. आठ दिवस बरी, की पुन्हा तेच. कसालच्या डॉक्टरांनी हिवतापाच्या गोळ्या दिल्या, मग टायफॉइडच्या. आई तासन् तास तुझे सांधे चोळायची. आणि मी काय म्हणाले? "सोंगा करता ती. आयेन जवळ बसूक होया म्हणान." तू ऐकलंस. का नाही भांडलीस गं माझ्याशी?

गोव्याच्या इस्पितळात रक्त तपासलं, तेव्हा कळलं. ब्रुसेला नावाचा गुरांचा जंतू, गायीला गाभ टाकायला लावणारा. डॉक्टर म्हणाले, न तापवलेल्या दुधातून आला, आता हृदयाच्या झडपेपर्यंत पोचलाय. आई औषधं आणायला खाली गेली होती. तू माझा हात घट्ट धरलास.

"शालू, आयेक दुधाचा सांगू नको हां. ती जगूची नाय."

आईचा विचार केलास. हे एकटीनं पोटात ठेवून मी कशी राहीन, हे आलं का मनात?

आज काकी गेल्यावर आईसमोर उभी राहिले. "आये, ताईचो ताप..."

तिनं वर पाहिलं. "काय गो?" तुझं नाव ऐकूनच तिचा चेहरा इतका मऊ झाला! माझ्या नावानं कधी होत नाही तसा.

"काय नाय," म्हटलं.

दूध आता मीच उकळते. आई विचारते, इतकं कशाला? मी आणखी एक उकळी येऊ देते.

ताई, आईला ते माझ्या तोंडून कधीच कळणार नाही, हे वचन. तुझा हेवा करणं सोडेन, असं मात्र म्हणवत नाही.

तुझीच,
शालू