अळणी

४ नोव्हेंबर, मंगळवार

पोचलो एकदाचे! विमानात सान्वीने मला क्षणभर डोळा लावू दिला नाही आणि इथे आल्या आल्या स्वतः मात्र बुटांसकट पलंगावर आडवी झाली. सात वर्षांची पोर, पण थाट महाराणीचा.

उपेंद्र एअरपोर्टवर घ्यायला आला होता. वर्षभर रुवैसच्या रिफायनरीत एकटा राहून नवरा माझा बारीक झालाय, पण तसं म्हटलं की चिडतो. मोहम्मद बिन झायद सिटीतला आमचा फ्लॅट दोन आठवड्यांनी ताब्यात मिळणार. तोवर त्याने कुठल्याशा टॉवरमध्ये खोली बघून ठेवली होती. मीच हट्ट धरला, की काचेच्या डब्यात पुढे राहायचंच आहे, आधी काहीतरी जुनं बघू दे. म्हणून दुबईत देऱ्याच्या जुन्या वस्तीतलं हे हॉटेल, 'दार हनिया'. हॉटेल कसलं, घरच आहे. फेसहून आलेल्या एका मोरोक्कन व्यापाऱ्याने बांधलेलं, आता त्याची नातसून लल्ला हनिया चालवते. लल्ला म्हणजे आपल्याकडच्या बाईसाहेब. मधे चौक, चौकात संत्र्याचं झाड, भिंतींना निळ्या-हिरव्या फरशा. नाशिकच्या माझ्या मैत्रिणींना फोटो पाठवले, तर सगळ्या जळून खाक!

आणि गंमत म्हणजे इथले मॅनेजर खैरुद्दीनभाई चक्क श्रीवर्धनचे. आमचं मराठी ऐकून त्यांनी पुदिन्याचा चहा दोनदा पाजला. लल्लाला हिंदी येत नाही, त्यामुळे आमच्या दोघींच्या मधे तेच. उपेंद्र संध्याकाळी रुवैसला परत गेला, शनिवारी येईल. आमची खोली वर, कोपऱ्यात. पलीकडे फक्त एक बंद खोली. म्हणजे शांतता!

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी आंघोळ करून बाहेर आले तर सान्वी गायब. पाहते तो काय, त्या बंद खोलीच्या दारासमोर मांडी घालून बाईसाहेब जेवतायत! निळ्या नक्षीचा मातीचा वाडगा, त्यात लोण्यात माखलेला शिजवलेला रवा. मी बोटाने चाखला. ना गोड, ना खारट, मिठाचा कण नाही. घरी वरणात मीठ कमी पडलं तरी नाक मुरडणारी ही पोर, पण वाडगा चाटूनपुसून साफ. विचारलं तर म्हणे, "इट वॉज जस्ट लाइंग देअर, मम्मा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणासाठी तरी ठेवलेलं खाल्लं, आणि तेही परक्या घरात. लल्लाला सांगायचा धीर होईना. शेवटी वाडगा स्वच्छ घासला आणि दिवाळीच्या फराळातले दोन बेसनाचे लाडू घालून होता तिथे ठेवला. आमच्या घरी कुणाचं भांडं रिकामं परत गेलेलं मी तरी पाहिलेलं नाही. शेजारच्या काकूंची कढीची वाटीसुद्धा आई निदान चिमूटभर साखर घालून परत करायची. तेवढं केलं आणि जिवाला बरं वाटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल सकाळी तोच वाडगा आमच्या दाराशी! खजूर आणि सोललेले बदाम, वरपर्यंत भरून. लल्ला दिसते तशी रागीट नाही तर. मी खुशीत येऊन वाडग्यात चकल्या घातल्या आणि त्या बंद दारापाशी ठेवून आले. तर दुपारी वाडगा तसाच आणि चकल्यांचा सगळ्या गॅलरीभर चुरा. एकेक चकली कुणीतरी पायाखाली चिरडावी तशी. मांजर असेल. झाडून काढलं आणि चकल्यांच्या जागी शंकरपाळे ठेवले. ते मात्र लगेच संपले. गोडघाशी आहे हो तुमची लल्ला, असं मी मनात म्हटलं.

आज वाडग्यात खाऊ नव्हता. पिवळ्या चामड्याच्या टोकदार सपाता होत्या, लहान मुलीच्या. सान्वीच्या पायात अशा बसल्या, की माप घेऊन शिवल्यात. काढायलाच तयार नाही. एवढं मिळाल्यावर मलाही काहीतरी चांगलं द्यायला हवं, नाहीतर आपली काय शोभा. उद्या उरलेला सगळा फराळ देईन.

८ नोव्हेंबर, शनिवार

उपेंद्र आला. खाडीवर जाऊन लाकडी होडीतून पलीकडे गेलो, मासे खाल्ले, सान्वी त्याच्या खांद्यावरून उतरेना. परत आल्यावर आम्ही दोघं चौकात चहा घेत बसलो. वाडगा शंकरपाळ्यांनी भरून सान्वीच्या हाती दिला आणि म्हटलं, तूच ठेवून ये, सपातांबद्दल थँक्यू म्हण. उपेंद्रला किती दिवसांनी निवांत पाहत होते, गप्पांत वेळ कसा गेला कळलं नाही. सान्वी आली ती वाडगा हातात घेऊन. या वेळी वाडगा रिकामा होता. खुळी, वाडगा ठेवून यायचा सोडून परत घेऊन आली.

दमली असावी. माझ्या मांडीवर येऊन बसली.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज दोन गोष्टी. एक आनंदाची. सान्वी मराठी बोलायला लागली! नाशिकमध्ये जन्म घालवून मेली इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायची, आणि दुबईत येऊन कालपासून स्वच्छ मराठी. मला मम्मा म्हणत नाही, आई म्हणते. फोनवर उपेंद्रला बाबा म्हणाली, तो पाघळलाच.

दुसरी गोष्ट मला आवडली नाही. ती काही खात नाही. खैरुद्दीनभाईंनी खास डाळ-भात करवला, तर पहिला घास थुंकला. खारट, म्हणते. ब्रेड खारट, ऑम्लेट खारट. फक्त लोण्यातला रवा खाते. रागावले तेव्हा रडली. गालाचा मुका घेताना तिची टिपं माझ्या ओठाला लागली. पाणी. नुसतं पाणी, अळणी.

मी उगाच काहीतरी लिहितेय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लल्ला हनिया चादरी बदलायला स्वतः वर आली. टेबलावर वाडगा दिसला आणि तिच्या हातातली चादर गळून पडली. मग सान्वीच्या पायांतल्या सपाता. तिने दोन्ही हातांनी छाती बडवली. खैरुद्दीनभाई धावत आले.

त्यांनी सांगितलं ते असं. वाडगा लल्ला रोज ठेवते. तिची सासू ठेवायची, तिच्या आधी तिची सासू. तो 'घरच्या लोकांसाठी' असतो. लल्ला त्यांचं दुसरं नाव घेत नाही. त्यांना मीठ चालत नाही. त्यांना द्यायचं, एवढंच. त्यांचं घ्यायचं नाही, आभार मानायचे नाहीत. ते एका अंगाला आणि आपण एका अंगाला, म्हणून हे घर उभं आहे. आणि मी त्यांचं घेतलं, वर माझं दिलं, पुन्हा घेतलं, पुन्हा दिलं. असं फक्त नातेवाईक करतात. खैरुद्दीनभाई खाली बघत म्हणाले, "वैनी, तुम्ही त्यांच्याशी सोयरीक जोडलीत."

आणि मी तर समजत होते, की लल्लाच पाठवतेय!

लल्लाने एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. पोर त्या खोलीत गेली होती का? मी म्हटलं, नाही, दाराशी वाडगा ठेवायला गेली तेवढीच. सान्वी पलंगावर बसून आमच्याकडे बघत होती. ती पण म्हणाली, नाही.

उद्याच निघायचं. फ्लॅट तयार नसेल तर रस्त्यावर राहू.

१२ नोव्हेंबर, बुधवार

निघता आलं नाही. गल्लीच्या तोंडाशी, टॅक्सीत पाय ठेवताना सान्वी कोसळली. ओठ पांढरे, हातपाय लुळे. हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टर म्हणाल्या, अंगातलं मीठ जवळजवळ संपलंय, एवढ्या कमी सोडियमवर हे मूल बसलंय कसं तेच कळत नाही. सलाइन लावलं. सुईच्या भोवतीची कातडी भाजल्यासारखी फुगून वर आली आणि ती किंचाळली. ती माझ्या पोरीची किंचाळी नव्हती. नर्स मागे सरली. सान्वीने सुई उपटून फेकली आणि म्हणाली, आई, घरी ने.

सही करून घेऊन आले. डॉक्टर ओरडत होत्या. काय करणार होते मी? हॉटेलच्या उंबऱ्यावर कडेवरून उडी मारून जिना चढून पळाली, जसं काही झालंच नव्हतं.

उपेंद्रला फोन केला. रिफायनरीत दुरुस्तीचं शटडाउन चालू आहे, शुक्रवारशिवाय सुटका नाही. म्हणतो, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. म्हणतो, वासंती, तू नीट झोप घे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वाडगा पुन्हा दाराशी होता. मी फोडला. मीठ पेरलं, दारात, खिडकीत, पलंगाभोवती. सान्वी पलंगाच्या मधोमध पाय पोटाशी घेऊन बसली आणि खाली उतरेना. हात जोडून म्हणाली, आई, मला भाजतंय.

मी माझ्या हाताने मीठ पुसलं. आई आहे मी तिची. रडत रडत पुसलं.

वाडगा परत आलाय. अखंड.

देवा, कुणाला सांगू? घरी आईला फोन लावला आणि हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवला. एवढीशी साखरेची चिमूट, आई, तू शिकवलेली—

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लल्लाच्या पाया पडले. एक वाट आहे, म्हणाली. सोयरीक ज्या हाताने जोडली तो हात स्वतःहून त्या बंद खोलीत गेला, तर बांधलेली सुटते. पोर जाऊ शकेल. मी परत येईन का, हे तिला माहीत नाही. आजवर कुणी गेलंच नाही. खैरुद्दीनभाई सांगता सांगता रडले. म्हणाले, वैनी, मी फक्त भाषांतर केलं, अल्लाची शपथ, जाऊ नका.

मी ठरवलंय. खूप हलकं वाटतंय आणि खूप भीती वाटतेय.

उपेंद्र आला. त्याला सांगितलं, उद्या तू सान्वीला घेऊन रुवैसला पुढे हो, मी इथलं आवरून मागून येते. तो बरं म्हणाला. भोळा आहे. त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार, दुपार

आत आहे. वही आणि फोन घेऊन आले. दार उघडंच होतं. आत आले आणि लागलं. आतून कडी नाही, मूठ नाही, नुसती फळी.

गार आहे. रिकामी खोली. वर झरोका आहे, तिथून गल्ली दिसते—

उपेंद्रने तिला गाडीत बसवलं. कोसळली नाही. उभी राहिली! चालली! गाडीत बसताना तिने मान वर करून थेट झरोक्याकडे पाहिलं आणि हसली. हात हलवला.

गेली गाडी. सुटली माझी पोर. सुटली. देवा, आता माझं काहीही कर.

*

कुणीतरी ओढणी ओढली.

कोपऱ्यात— अंधारात— मी आधी पाहिलंच नाही—

सान्वी.

सान्वी आहे. ओठ फुटलेत. आवाज गेलाय. म्हणते, मम्मा, व्हाय डिडन्ट यू कम? म्हणते, गेल्या शनिवारपासून हाका मारतेय. दाराच्या फटीतून आम्ही दिसायचो. मी दुसरीलाच भरवत होते, दुसरीलाच थोपटत होते, ते ती बघत होती—

गालाचा मुका घेतला. खारट. माझीच आहे. माझीच.

मग गाडीत—

भरला वाडगा हाती देऊन मीच तिला त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनीही परतफेड केली. वाडगा रिकामा आला असं मी म्हणाले, रिकामा नव्हता, तो आणणारी—

*

उपेंद्रला फोन लागला. माझा आवाज त्याला जात नाही. त्याचा येतोय. जबल अली मागे टाकलं म्हणतो. हॅलो, हॅलो म्हणतो. हसतोय. कुणाला तरी म्हणतो, अगं, मी गाडी चालवतोय, भरवतेस काय—

आणि तिचा आवाज. बाबा, आ करा.

मी ओरडतेय. सान्वी ओरडतेय. त्याला ऐकू—

तो म्हणतो, मीठ नाही गं यात—

उपेंद्र, तिच्या हातचा तो घास गिळू न—