रुख्मीची ओटी

आमगाव, ता. २४ नोव्हेंबर १९३६

चि. केशोरावास बहीण धुरपताबाईचे अ. उ. आ. वि. वि.

तुह्यं पत्र भेटलं. तबेत कशी हाय म्हणून चार डाव पुसलं. एक डाव पुरते.

पापण्या जांभळासारक्या झाल्या हायत. दोनी. धुतल्यानं जात नाई. दिवाळीमागच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचा नाच पाहाले गेली, तं माही जाऊ सावित्रीबाई बायांच्या घोळक्यात म्हणे, रांडव बाई डोळे रंगवून आली, आता हिलेच नाचाले उभी करा. मी म्हणलं, नाचीन, पण ढोलकी तुह्या नवऱ्यानं वाजवली पायजे.

बोटाच्या सांध्यांवर लाल चट्टे हायत, गळ्याखाली बी. हात खांद्याच्या वर जात नाई, केस नात रुख्मी विंचरून देते. लिवता येते, तेवढं बरं.

वैद्यानं दुरूनच पाहून महारोग म्हणलं. तवापासून छोटेलालनं माही थाळी येगळी केली. पोटचा पोरगा, वाघाले भ्याला नाई, मायच्या बोटाले भेते. आन सावित्रीबाईनं ठरवलं का वैशाखात रुख्मीच्या लग्नात मी मांडवात यायचं नाई, पोरीची ओटी थेच भरन.

ऐक. रुख्मीच्या मायनं मरताना सव्वा महिन्याची पोरगी माह्या ओटीत टाकली. तं तिची ओटी मीच भरन. रांडव असो का महारोगी.

नागपूरच्या डाकघरात बसून काई सुचलं तं लिव. रडगाणं लिवू नोको. लोभ हाय तेवढा पुरे.

धुरपताबाई

नागपूर, ता. १ डिसेंबर १९३६

ति. बाईस केशोरावचा शि. सा. न. वि. वि.

रडगाणं नाही, कामाचं लिहितो. इथल्या जनाना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. ढोलकीवर त्या हसल्या. हाताचं वाचलं तेव्हा हसू थांबलं. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. चट्ट्यांवर सुई टोचली तर दुखतं का? महारोगात बहुतेक तिथं कळत नाही. आणि दोन घासांत पोट भरतं का, लुगडं कमरेला घट्ट होतं का? डोळ्यांचं सोडून पोटाचं का विचारता, म्हटलं, तर म्हणाल्या, आधी बहिणीला बोलावून घ्या.

बाई, मिळेल त्या गाडीनं ये. रागासकट लोभ असू दे.

केशोराव

आमगाव, ता. १२ डिसेंबर १९३६

चि. केशोरावास अ. उ. आ.

सुई टोचली. एकटीनं नाई, वैद्याच्या अंगणात चार माणसं बोलावून. रगत आलं. असं झोंबलं का मी वैद्याच्या सात पिढ्या काढल्या. थो म्हणे, एखाद्या महारोगात दुखते बी. म्हणजे आता त्याचं पुस्तक बदललं.

पोटाचं तुह्या डॉक्टरीणीले कोणं सांगलं? दोन घासात पोट टम्म होते. बाया बोटं मोजून रायल्या, म्हातारीले कितवा महिना म्हणून. मी सांगलं सातवा, बारशाले या.

धान चुरून झालं का येते. आधी बोलवू नोको. मी खळ्यावर नसली तं बैल बी कोणाचं आयकत नाई. लोभाची घाई करू नोको.

धुरपताबाई

नागपूर, ता. २ फेब्रुवारी १९३७

ति. बाईस शि. सा. न. वि. वि.

काल दवाखान्यात तुझी खाट रिकामी पाहून मी दारोदार शोधत फिरलो. मग कळलं, नर्सबाईलाच स्टेशनचा रस्ता विचारून तू निघालीस.

तू विचारलंस तेव्हा मी तोंड फिरवलं, म्हणून आता लिहितो. ओटीपोटात गाठ आहे, गर्भपिशवीच्या बाजूला. क्यान्सर. पसरला आहे, कापून निघण्यासारखा राहिला नाही. पोटातलं पाणी काढलं, ते पुन्हा भरेल. पापण्या, बोटं, हात, सगळं त्याच्यापायीच. असं क्वचितच दिसतं म्हणाल्या. मी डाकघरचा माणूस, मला एवढंच समजलं की पत्ता कातडीवर होता आणि पत्र पोटात. आपण वाचायला उशीर केला. दिवाळी धरू नका, असं म्हणाल्या.

परत ये. येणार नसशील तर सोबतचा कागद जपून ठेव. डॉक्टरीणबाईंकडून मराठीत लिहून घेतला आहे: हा महारोग नव्हे, शिवल्यानं लागत नाही. खाली सही-शिक्का आहे.

भावाला टाकून गेलीस तरी लोभ टाकू नये.

केशोराव

आमगाव, ता. १४ मे १९३७

चि. केशोरावास अ. उ. आ.

तुले सुटी भेटली नाई म्हणून लिवते. रुख्मीचं लग्न झालं.

तुहा कागद मी छोटेलालले मांडवात उभा करून वाचाले लावला. शिक्का पाहून वैद्यच पयले म्हणे, मी तं कवापासून हेच म्हणत होतो. सावित्रीबाई म्हणे, महारोग नाई तं नाई, पण रांडव तं हाय, आन हात बी उचलत नाई, पोरीच्या डोक्यावर अक्षता कशी टाकन? खरं होतं. अक्षता मी नाई टाकल्या.

पण ओटी भराले हात खांद्याच्या वर न्यावा लागत नाई, केशोराव. बसल्या बसल्या होते.

रुख्मी माह्यासमोर पदर पसरून बसली आन म्हणे, आजी भरन नाई तवरिक उठत नाई. वऱ्हाड उन्हात. नवरदेवाचा बाप घाम पुसून म्हणे, बाई, भरा एकडाव, बैलं तापून रायले. भरली. तांदूळ आपल्या वावराचे, खोबरं, हळकुंड. पापण्या बी झाकल्या नाई.

उठता उठता पोरीनं आपल्या ओटीतले मूठभर तांदूळ काढून माह्या पदरात टाकले. रांडव झाल्यापासून सतरा वर्सानं माही ओटी भरली. सावित्रीबाईनं तोंडाले पदर लावला. मी म्हणलं, कायले वं टाकतं, तिथं जागा कुठी हाय, आधीच भरली हाय. पोरगी रडाले लागली. मी नाई रडली. तांदूळ झटकले बी नाई, पदराले गाठ मारून ठेवले.

दिवाळी धरू नोका म्हणे तुही डॉक्टरीण. मी तं मंडई धरून बसली हाय. सावित्रीच्या नवऱ्याले निरोप देल्ला, आतापासून ढोलकी शिक.

लोभ ठेव. त्याले जागा हाय.

धुरपताबाई