तारा कोणासाठी

लेका,

हे पत्र मी टाकणार नाही, सूनबाईला तसा शब्द दिलाय. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तू घर सोडून गेलास तेव्हा तिला दिवस गेले होते, हे तुला ठाऊकच नव्हतं. ती माहेरी गेली नाही, माझ्याजवळच राहिली.

यंदा नाताळला मी माळ्यावरचा कागदी तारा काढलाच नाही. दरवर्षी तू लावायचास, मग तिच्या जखमेवर मीठ कशाला चोळा? तर तीच खोकं घेऊन आली. फाटलेला कोपरा डिंकानं चिकटवला, आत बल्ब बसवला आणि म्हणाली, "आई, स्टूल धरा."

"अगं, आठवा लागलाय तुला! हो बाजूला."

शेवटी मीच चढले. बटण दाबलं आणि खिडकी उजळली. मी चाचरत विचारलं, "त्याला वाट दिसावी म्हणून?"

पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "येशूच्या वेळी तारा उगवला तो जन्मणाऱ्या बाळासाठी, आई. पळून गेलेल्यांसाठी नाही."

तिचं काही चुकलं नाही. पण तारा मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला टांगलाय रे. रस्त्यावरूनही दिसतो.

तुझी,
आई