दहा बाय नऊची खोली

पुणे,
मंगळवार, ४ मार्च २०२५

दादा,

जयभीम. सवयीने आधी ‘सप्रेम’ लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं दिसत असेल. कागद बदलावासा वाटला नाही.

मी ठीक आहे. ऑफिसात एका नाट्यगृहाचं काम चालू आहे. वहिनीच्या गुडघ्याचं औषध कुरिअरने पाठवलंय, जेवणानंतर घ्यायचं म्हणून सांग. पत्र अशासाठी लिहिते आहे की फोन तू स्पीकरवर ठेवतोस आणि दुसऱ्याच वाक्याला मला तोडतोस. स्पीड पोस्टने टाकते, शुक्रवारपर्यंत मानवतला पोचेल.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. शनिवारी तुझा मेसेज आला की भिंतींना पॅनेल लावूनही क्लासच्या खोलीतला आवाज बाहेर येतो, तर आता दाराला कोणती रबरी पट्टी बसवायची.

आवाज शोषणं वेगळं आणि आवाज अडवणं वेगळं. रॉकवूलचं, म्हणजे दगडी लोकरीचं, पॅनेल भिंतीवर आपटून परत येणारा आवाज गिळतं. खोली घुमायची थांबते, एवढंच त्याचं काम. बाहेरही थोडा कमी ऐकू येतो, कारण घुमणारा भाग गेलेला असतो. पण पलीकडे जाणारा आवाज अडवायला वजन लागतं: भरीव दार, जाड भिंत, आणि कुठेही फट नको. माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं हीच गल्लत करतात. मी त्यांना न चिडता समजावते. तुझ्या दाराखाली बोटभर फट आहे. सगळा आवाज तिथून जातो.

ती फट मी परवा बघितली.

रविवारी तू लग्नाला परभणीला गेला होतास तेव्हा मी येऊन गेले. वहिनीने सांगितलं नसेल तर तिच्यावर चिडू नकोस, मीच नको म्हटलं होतं. वरच्या मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. ती कडी मी काढली.

क्लासची खोली म्हणून तू माझ्याकडून नकाशा घेतलास, माल कुठे मिळतो ते विचारलंस, आणि त्यात आईला कोंडलंस.

ती कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. कापूस वेचणीच्या जुन्या टोळीतल्या बायांना हाका मारत होती. “ए पंचफुले, ऊठ गं, उजाडलं. मनकर्णे, भाकर बांधली का न्हाई?” मग थांबली. मान तिरपी करून ऐकत राहिली. मग पुन्हा तीच नावं, आधीपेक्षा मोठ्याने. घसा इतका बसलाय की शेवटचं अक्षर नुसतं हवेसारखं निघतं. वहिनी म्हणाली, आठ दिवसांपासून पाणी गिळतानाही दुखतं.

तुला हे कळलं नसेल, म्हणून सांगते. पॅनेल लागण्याआधी त्या खोलीत आवाज दीडेक सेकंद रेंगाळायचा. आई हाक मारायची, हाक भिंतीवरून परत यायची, आणि तिला वाटायचं बायांनी ओ दिली. मग ती पुढच्या नावाकडे जायची. आता हाक एक दशांश सेकंदात मरते. चौदा बायांना बोलावते आणि एकही उठत नाही. वेचणीला उशीर होतोय आणि वस्ती गाढ झोपली आहे. तिच्या जागी मीही ओरडले असते.

आणि खिडकी. माझ्या नकाशात पूर्वेची खिडकी मोकळी होती. तू तिच्यावरही पॅनेल ठोकलंस. आई पूर्वी पाचला सुरू व्हायची आणि ऊन आत आलं की थांबायची, कारण तिच्या हिशेबाने बाया शेतात पोचलेल्या असायच्या. वहिनी सांगते, साताच्या पुढे कधी आवाज नसायचा. आता ऊनच येत नाही. दिवसभर तिची पहाट चालू असते. तुला दोन तासांचा त्रास होता, तो तू बारा तासांचा करून घेतलास.

मी दारात उभी राहून “ओ, आले” म्हटलं. दुसऱ्या नावालाही म्हटलं, तिसऱ्यालाही. चौथ्या नावाला ती आडवी झाली. मला तिने ओळखलं नाही. म्हणाली, “मनकर्णे, आज लय उशीर केलास.” आणि झोपली.

वहिनीला मी दोष देत नाही. आईची वेणी घातलेली होती, नखं कापलेली होती, अंथरूण कोरडं होतं. मी कडीबद्दल विचारलं तर पदराने तोंड पुसत म्हणाली, “ताई, मला काय हौस हाय का? खाली सहाच्या क्लासची पोरं हसायलेत. एकानं त्यांची नक्कल केली तं सगळा क्लास हसला. त्या दिवशी हे जेवले न्हाईत. मी काय करू, तुमीच सांगा.”

मुलं हसली, तुला लागलं, हे मी समजू शकते. पण तुला नेमकं काय लागलं ते तू स्वतःला तरी विचारलंस का? मुकी आई वर बसली असती तर तू तिला खाली आणून पाहुण्यांना भेटवलं असतंस. अडचण तिच्या बोलण्याची आहे. बोर्डावर ‘सर’ आहे, आणि वरून वेचणीच्या बायांची मुकादम ओरडते. पेडगावच्या वस्तीतून तिची हाक नाल्यापलीकडच्या वावरापर्यंत जायची. कुठल्याही मालकाला बायांना आणायला माणूस धाडावा लागला नाही. सुलाबाईची टोळी म्हटलं की दिवस ठरलेला. तुझं बीएस्सी त्याच गळ्यावर झालं, माझं इंजिनीअरिंगही. तो गळा तू गादीत गुंडाळलास.

आता तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. तू मागे फोनवर म्हणालाच होतास, “तू तिकडं बसून भिंती मोजायलीस. इथं रोजचं हाय. चार वर्षांत किती दिवस आलीस, सांग.”

एकोणीस दिवस. मी मोजले. आणि ते एकोणीसही दिवस मी त्याच खोलीत झोपले, आईच्या कॉटशेजारी.

म्हणून आता जे लिहायचं आहे ते लिहिते. वरचं सगळं खरं आहे, पण ते लिहिताना मी एक गोष्ट टाळत आले.

डिसेंबरात तू मापं पाठवलीस. दहा बाय नऊ, उंची दहा, एक दार, पूर्वेला तीन फुटी खिडकी. तुझा क्लास खालच्या हॉलमध्ये भरतो, तो हॉल तीस बाय अठराचा आहे. दहा बाय नऊमध्ये क्लास भरत नाही. खोली कोणती आहे हे मला मापं बघताच कळलं. क्लाससाठी भिंतींचा चौथा हिस्सा झाकला तरी पुरतो. तू चारही भिंती आणि छत म्हणालास, तरी मी का म्हणून विचारलं नाही. त्याच संध्याकाळी नकाशा पाठवला. इतक्या लवकर मी ऑफिसातही काम देत नाही.

त्याआधी तू दोनदा म्हणाला होतास, “थोडे दिवस घेऊन जा तिला.” एकदा मी प्रोजेक्टचं कारण सांगितलं, एकदा जागेचं. मला वाटलं, पॅनेल लागली, तुझा त्रास कमी झाला, की तिसऱ्यांदा तू विचारणार नाहीस. माझा अंदाज बरोबर निघाला. तू विचारलं नाहीस.

नकाशात खिडकी मोकळी ठेवली, हे वर मोठ्या दिमाखाने लिहिलंय. ती मी तिच्यासाठी ठेवली होती. म्हणजे आत कोण राहणार हे मला माहीत होतं. तू खोटं बोललास आणि मी ते खोटं मिलिमीटरपर्यंत काढून दिलं. याने तुझी चूक कमी होत नाही. तुला माफ करायला मी हे लिहीत नाही, आणि तूही मला करू नकोस.

दाराच्या पट्टीचं नाव मी सांगणार नाही. दुसऱ्या कुणाला विचारशील तर तेही लगेच सांगतील, साधी गोष्ट आहे. त्या खोलीला दुसरी खिडकी नाही, छताला पॅनेल आहेत, आणि मार्च लागलाय. पट्टी बसली की हवाही थांबेल. हे तुला लेखी कळवते आहे, म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

येत्या रविवारी, नऊ तारखेला, सकाळी सहा वाजता मी गाडी घेऊन येते. आई माझ्याकडे राहील. थोडे दिवस नाही, राहील. माझा फ्लॅट एका खोलीचा आहे, तिसऱ्या मजल्यावर. दिवसभरासाठी एक बाई ठरवली आहे. सकाळी पाच ते सात मी घरी असते. शेजारी तक्रार करतील. चौथ्या-पाचव्या दिवशी मलाही दार ओढून घ्यावंसं वाटेल, हेही मी धरून चालले आहे. तुझ्याइतके दिवस मला जमेल का, माहीत नाही. नाही जमलं तर तुझ्यापुढे मान खाली घालून सांगेन, पण तिला परत त्या खोलीत पाठवणार नाही.

तिचे कपडे, चष्मा आणि गोळ्या वहिनीला बांधून ठेवायला सांग. खिडकीवरचं पॅनेल हे पत्र वाचून झाल्यावर काढ. चार स्क्रू आहेत, पाच मिनिटांचं काम आहे. रविवारपर्यंत थांबू नकोस.

रविवारी सहाला खाली तुझा नववीचा क्लास चालू असेल. वेळ बदलू नकोस. जिना हॉलमध्येच उतरतो, आणि उतरताना आई हाका मारील. मुलं बघतील. ही कोण, असं कुणीतरी विचारील. तेव्हा खडू खाली ठेव आणि सांग.

सुलाबाईची मुलगी,
संघप्रिया