खाणबंगलीची किल्ली

४ डिसेंबर
सकाळच्या एसटीने चामोर्शीहून निघाले. पुढे जीप, मग दीड तास चढ. सोबत वनमजूर मंगरू. यांना जाऊन दीड महिना झाला. अठरा वर्षे हे या बंगलीचे चौकीदार, आणि मी इथे आज तिसऱ्यांदा. पूर्वी लोखंडाच्या खाणीवरचे मुकादम राहत. खाण बंद पडली, आता डोंगर चढायला येणारे मुक्काम करतात. यांचं सामान आवरून ८ तारखेला किल्ली वनपालसाहेबांना द्यायची. माणूस मिळाला नाही तर कुलूप लावणार. मला विचारलं होतं, तुम्ही राहाल का? नाही म्हटलं.

५ डिसेंबर
दोन सदरे, स्वेटर, रेडिओ, चष्मा. एवढंच.
दुपारी ब्रह्मपुरीच्या कॉलेजचे चौघे आले. यांनीच दिवाळीआधी होकार दिलेला. हे गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. चहा ठेवते म्हटलं. बंगलीमागे खाणीच्या तोंडातून झरा येतो, पाणी नितळ. पत्ती टाकली आणि चहा शाईसारखा काळा.
त्यातली मुलगी म्हणाली, "काकू, पेन भरू का याच्यात?" सगळे हसले. मीही.
मंगरू धावत आला. "बाई, थे पानी भांडे घासाले हाये! लोखंड हाये त्याच्यात. भाऊ प्याचं पानी खालच्या नाल्यावरून आनत."
"रोज?"
"दोन खेपा. गुडघा दुखे तरी. पाहुन्याले काळा चहा नाई द्याचा म्हनत."

६ डिसेंबर
घरी आले की हे आधी कपात डोकावायचे, मग प्यायचे. मला वाटे, माझ्या चहात खोट काढतात. एकदा म्हटलंही, विष नाही घातलं. हसले नुसते. सांगायला काय झालं होतं...
मुलं गेली. "फेब्रुवारीत येऊ का काकू?" बघू म्हटलं.
मंगरू कुंपण बांधता बांधता म्हणाला, "कुलूप लागलं का दोन पावसात वाळवी खाऊन टाकते." माझ्याकडे न बघता.

७ डिसेंबर
खालच्या वळणावर रेंज येते. वनपालसाहेबांना फोन केला.
"उद्या किल्ली पाठवता ना, बाई?"
"दोन दिवस द्या. सांगते."
"घ्या ना, घाई नाई. पन तिथी एकटं राह्याचं म्हनजे..." रेंज गेली.
मंगरू आज गावी गेला. वळणावरून परत येऊन मी घोंगड्या उन्हात टाकल्या. बारा आहेत. एकीची किनार उसवली होती, पायरीवर बसून टाचून घेतली.