ह्यांना घाबरवायचं नाही

ती. थोरल्या ताईस,

धाकट्या श्यूचनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. ग्वानयिन मातेच्या कृपेने आम्ही आहोत तसे आहोत. तुझ्या गुडघ्याचं आणि भावजींच्या पोटाचं सविस्तर कळव.

ह्यांच्या मूत्रपिंडांचं तुला ठाऊक आहेच. इस्पितळवाले म्हणतात, दर तीन महिन्यांनी रक्त तपासा, नाहीतर कुठवर बिघडलंय ते कळायचंच नाही. हे सुई पाहूनच पांढरे पडतात, म्हणून दोन खेपा बुडाल्या. त्यात वैद्य काओंनी नाडी पाहून सांगितलं, की मूत्रपिंड म्हणजे देहातलं पाणी, ते भीतीनं खचतं, ह्यांना घाबरवायचं नाही. काढाही दिला. (त्याचा चोथा आपल्या रीतीप्रमाणे रस्त्यात टाकला, म्हणजे येणारे-जाणारे तुडवतील आणि रोग घेऊन जातील. शेजारच्या म्हातारीनं तो झाडून माझ्याच उंबऱ्यावर आणून ठेवला. म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचा रोग तूच सांभाळ, बाई.")

झालं, ह्यांना निमित्तच मिळालं. इस्पितळाचं नाव काढलं की, "घाबरवू नकोस, वैद्यांनी सांगितलंय." भांडी विसळायला सांगितली तरी दचकतात. कोंबडा मावशीकडे पाठवला. मी शिंकतेसुद्धा आगाऊ सूचना देऊन. शेवटी देवळात कौलाच्या दोन लाकडी फळ्या टाकून विचारलं, नेऊ का ह्यांना? दोन्ही फळ्या उताण्या पडल्या, म्हणजे ना हो ना नाही, देवी नुसती हसली. तीनदा विचारलं, तीनदा हसली.

मग मी वैद्यांशीच भांडायला गेले. ते म्हणाले, "तपासणी नको असं मी कधी म्हटलं? माती पाण्याला बांध घालते, तसा विचार भीतीला अडवतो. त्यांना विचारात गुंतवा आणि न्या." (ह्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, म्हणून लगेच पटलं.)

हे विचार करतात ते फक्त बुद्धिबळात. तेव्हा शेजारच्या फान आजोबांना पटासकट बसमध्ये बसवलं. इस्पितळाच्या बाकावर डाव असा रंगला, की नर्स "बाही वर करा" म्हणाली तरी कुणी मान वर केली नाही. हे म्हणाले, "थांब, पटावर माझी तोफ अडकलीय." फान आजोबांनी विचाराच्या भरात स्वतःचीच बाही वर केली.

ह्यांच्या नावावर अहवाल इतका उत्तम आला, की ह्यांनी त्या आनंदात अर्धी बरणी खारवलेला मोहरीचा पाला संपवला. परत येताना फान आजोबा दंडावर कापूस दाबून का बसले होते, ते मला तेव्हा उमगलं.

बाकी क्षेम. भावजींना नमस्कार.

तुझी,
श्यूचन

ता. क. तपासणी पुन्हा शुक्रवारी आहे. फान आजोबा आता येत नाहीत, तेव्हा तू गुरुवारीच ये. पण ताई, नेहमीसारखी दहा चालींत मात करू नकोस, हे तुला आधीच भितात. सावकाश हर. आणि बाही खाली ठेव.

ता. क. २. इस्पितळात गेलो त्या दिवशी साठीपुढच्या बायकांची तपासणी फुकट होती, म्हणून मीही करून घेतली. अहवालाचं पाकीट देवीच्या पायाशी ठेवलंय, अजून उघडलं नाही. भीती नाही गं. विचार चालू आहे.