पावणेतीन टनांची बोट

मिरज, सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चि. जयप्रकाश यास ताईचे आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. सगळा वाच.

ओजसला बहारीनच्या शोरूममध्ये तूच चिकटवलंस. महिनाअखेरीला पोर कायम व्हायचं, त्याच्या टार्गेटला एक गाडी कमी पडत होती. तीही विकली गेली. गिऱ्हाईक बोट ओढायचा हूक बसवायला तुझ्या वर्कशॉपमध्ये आलं, आणि सख्ख्या मामाने त्याच्यासमोर सांगितलं की हूक बसणार नाही, गाडी परत करा! ओजस रडायचा बाकी होता. बाजूला घेऊन सांगता आलं नसतं? माझ्या लग्नातही जिलबी कच्ची आहे हे तू व्याह्यांसमोरच बोलला होतास.

उत्तर दे. रागावले असले तरी औषधं वेळेवर घे म्हणणारी,
अरुणा

झिंज, बहारीन, मंगळवार, ११ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं. पण हूक मी अजूनही लावणार नाही.

इथे ज्याला त्याला मोठी, हेवी ड्यूटी एसयूव्ही हवी. सुट्टीला मागे बोट लावून झल्लाकच्या किनाऱ्यावर जायचं असतं. त्या गाडीला चार महिन्यांची वेटिंग लिस्ट. म्हणून सेल्स मॅनेजरने शक्कल काढली: मधली गाडी उभी आहे ती द्या, हूक मोठा लावून देतो म्हणा. अगं, हूक मोठा लावल्याने गाडीची ताकद वाढते का? ती ओढणार दोन टन, तेही आत एकटा ड्रायव्हर असताना. बोट ट्रेलरसकट पावणेतीन टन, वर गाडीत सात माणसं! हायवेवर ब्रेक मारला की बोटच गाडीला ढकलत नेते. मॅनेजरला तीनदा लिहून दिलं. तो म्हणतो, मार्केटची डिमांड आहे, यल्ला, चला, विका. डिमांड म्हणे!

आज आणखी एक कळलं. ओजसने गेल्या महिन्यात अशीच गाडी हारून नावाच्या गृहस्थांना विकली. त्यांना तीन मुलं. हूक बाहेरच्या गॅरेजमध्ये बसवून घेतलाय. बोट गुरुवारी ताब्यात येईल आणि शुक्रवारी सगळे झल्लाकला निघतील. ओजसला म्हटलं, आत्ता फोन कर. तो म्हणतो, कायम झालो की करतो. ताई, माझा हात उठला होता त्याच्यावर. विकलं त्याने, सांगायलाही त्यानेच हवं. उद्या संध्याकाळपर्यंत त्याने केला नाही तर मी करणार.

मनातून उतरवू नकोस.
तुझा,
जयप्रकाश

मिरज, बुधवार, १२ नोव्हेंबर

चि. जयप्रकाश यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. लगेच ओजसला फोन लावला. म्हणाला, सगळेच असं विकतात. मी विचारलं, ती मुलं केवढी आहेत? त्याला वयं माहीत होती. धाकटीचं नावसुद्धा माहीत होतं, इरम. गाडी दाखवायला नेली तेव्हा मागे बसून ती गाणी म्हणत होती. नाव माहीत असून हा गप्प! शेवटी म्हटलं, त्यांना सांगून मला फोन कर, तोवर मी जेवत नाही. तासाभराने त्याचा फोन आला. मग जेवले.

तुझी ताई

झिंज, रविवार, १६ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

हारून आज गाडी घेऊन शोरूममध्ये आले. बोट त्यांनी हलवलीच नव्हती. मॅनेजरला त्यांनी असं फैलावर घेतलं की त्याला गाडी परत घ्यावी लागली. दुपारी त्याने ओजसला काढून टाकलं. पत्रात कारण दिलं, काम असमाधानकारक. तीन मुलं वाचली, हे असमाधानकारक! मी तिथेच राजीनामा लिहून त्याच्या टेबलावर आपटला. त्याने अजून पुढे पाठवलेला नाही, पण मला आता त्या माणसाचं तोंड बघायचं नाही. ओजसबरोबर मीही येतो.

मला समजून घे.
जयप्रकाश

मिरज, सोमवार, १७ नोव्हेंबर

चि. जयप्रकाश यास आशीर्वाद.

त्या मॅनेजरला मी इथून शिव्या घातल्या, त्या लिहीत नाही. ओजस येऊ दे. त्याला दुसरं काम मिळेल, मी आहे.

तू यायचं नाहीस. तू उठून आलास की तुझ्या जागी कोणीतरी बसेल आणि येईल त्या गाडीला हूक लावून देईल. मॅनेजरला तेच तर हवं आहे. उद्या सकाळी जा आणि तो राजीनाम्याचा कागद परत माग. माझ्या पोराची नोकरी गेली आहे, ती फुकट घालवू नकोस.

तुझी ताई,
अरुणा